पोथीतला बूट

उज्जैनमध्ये देवांची कमतरता नाही, तरी लहानपणी मला आणखी एक लागला. निळे बूट, पिवळा अंगरखा आणि पाठीवर चादरीएवढं लाल कापड. कुठल्याशा छोट्या छापखान्यानं काढलेल्या हिंदी कॉमिक्समधून हा महाबली उडायचा. दुपारी गार फरशीवर पालथं पडून मी त्याच्याबरोबर उडायचो. चार अंक निघाले आणि छापखाना बसला. चित्रं कुणाची, गोष्ट कुणाची, कुठंच छापलेलं नाही. पुढे माझे केस गेले, नाद तेवढा राहिला.

आता दर रविवारी फ्रीगंजात पोह्यांच्या दुकानी आम्ही तिघं जमतो. मी, चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आणि साड्यांचं दुकान असलेले एक भाईसाहब. जुनी कॉमिक्स मांडायची आणि त्यांच्या अनामिक चित्रकारांवरून पोहे गार होईतो भांडायचं. चौथा अंक फक्त माझ्याकडे, तोही मुखपृष्ठाविना. "फाडणाऱ्याचे हात झडोत!" असं मी दर रविवारी म्हणायचो.

पण मुखपृष्ठ मी लहानपणी पाहिलेलं होतं, त्या दोघांनी नव्हतं. त्यामुळे मान माझा. जांभळं आकाश, कोसळणारा रेल्वेचा पूल आणि आपला गडी तो एका खांद्यावर पेलतोय! दर खेपेला पुलावरच्या गाडीला एखादा डबा वाढायचा. मास्तरांनी त्यावर सिद्धांतच उभारला. "इतका बारीक पूल काढतो म्हणजे माणूस रेल्वेतला. लिहून ठेवा." बिचारे भाईसाहब म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांकडे चौकशा करत हिंडले.

गेल्या थंडीत माधव नगरच्या घरी आईच्या रोजच्या पोथीचं कव्हर कोपऱ्यात उसवलं. "जरा डिंक लाव रे," म्हणाली. मी पोथी हातात घेतली, तर पांढऱ्या कागदाच्या दुमडीतून एक निळा बूट बाहेर डोकावत होता.

"आई, हे कव्हर कुणी घातलं?"

"तूच की! दुसरीत होतास. तुझ्याकडचा सगळ्यात भारी कागद पोथीलाच, असा हट्ट धरलास. मी म्हटलं, चित्र आत घाल, कोरी बाजू वर. देवापुढे मारामारी नको."

म्हणजे झडायचे हात माझेच होते.

हळूच उलगडलं. महाबली अख्खा निघाला. पूल नव्हता. आकाशही जांभळं नव्हतं. कमरेइतक्या पुराच्या पाण्यात तो उभा होता आणि डोक्यावर त्यानं एक बकरी धरली होती. बकरी मात्र फार सुरेख होती.

मी घाईघाईनं कागद पुन्हा दुमडला. "राहू दे, आई. देवाचं आहे, देवाजवळच बरं."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. "एवढी भक्ती? पूल नाही वाटतं त्यात?" फोनवर तो पूल मी इतक्यांदा बांधला होता, की घरात सगळ्यांना पाठ. "जा, दाखवून ये. पण पोथीवरून काढायचं नाही, आणि पोह्यांचे हात लावायचे नाहीत."

रविवारी पोथी कापडात बांधून नेली. दोघांनी आधी तिला नमस्कार केला. मी जीव मुठीत धरून कव्हर उलगडलं.

"क्यों जी," भाईसाहब हळूच म्हणाले, "पुल कहाँ है?"

"बाढ़ में बह गया होगा," मी म्हणालो.

मास्तर हसले नाहीत. माझं दुकान आज उठलं, असं मी धरून चाललो. ते वाकून बकरीचे कान, खूर, भेदरलेला डोळा निरखत बसले. मग मान वर करून म्हणाले, "माणूस रेल्वेतला नाही. ह्याच्या घरी बकरी होती. लिहून ठेवा."

भाईसाहबांनी हात पुसले, महाबलीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि उसासा टाकला. "कवर मिल गया, बहुत अच्छा हुआ. पर सच्ची बोलूँ? पुलवाला ज़्यादा अच्छा था. एक बार और सुनाओ ना."

मी पोथी नीट बांधून मांडीवर घेतली आणि जांभळ्या आकाशापासून सुरुवात केली.