हाइनरच्या दोन रायफली

हाइनर ल्योर २०१३च्या मार्चमध्ये गेला. त्यानंतर पाच आठवड्यांनी शस्त्रविभागाची दोन माणसं त्याच्या घरी आली, आणि मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवून परत गेली.

त्यांना बोलावलं होतं हाइनरच्या बायकोनेच. वासंतीताई मूळच्या कराडच्या. पुण्यात ड्राफ्ट्समनचा कोर्स करून १९७५ साली जर्मनीत कोलोनला आल्या आणि पंपांच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंग करत राहिल्या. हाइनर तिथे फिटर होता. तो शिकारीला जायचा, आणि ताईंना बंदुकीचा मनस्वी तिटकारा. तो असेपर्यंत त्यांनी त्याच्या बंदुकांच्या लोखंडी कपाटाला हात लावला नाही. तो गेल्यावर त्यांनी सरळ पत्र लिहिलं की कपाटात दोन जुन्या रायफली आहेत, मला नकोत, कायद्याने काय करायचं ते सांगा.

त्या जानेवारीपासून देशभरातल्या बंदुकांची नोंद एकाच संगणकात आली होती. क्रेमर नावाच्या अधिकाऱ्याने कागद पुढे धरला. हाइनरच्या नावावर दोन अमेरिकन रेमिंग्टन रायफली होत्या. कपाटात एकच अमेरिकन निघाली, दुसरी बेल्जियमची होती. त्याच्या हिशोबाने ७४२८ नंबरची अमेरिकन रायफल गायब होती आणि १४२८ नंबरची बेल्जियन बिनापरवान्याची.

क्रेमर लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून बोलत होता. त्याने विचारलं, "फ्राऊ ल्योर, ती रायफल मिस्टरांनी तुमच्या देशात कोणाला दिली का?"

"माझा देश कुठला, ते माझ्या पासपोर्टवर वाचा," ताई म्हणाल्या.

भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर रायफली गाडीत गेल्या. आठवड्याने पत्र आलं. मयत इसम शस्त्र बाळगण्यास विश्वासार्ह नव्हता, असं त्यात लिहिलं होतं. हाइनरने आयुष्यात लाल सिग्नलला चालत रस्ता ओलांडला नव्हता.

ताईंनी बर्लिनला मुलीला फोन केला. नैनाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "ममा, लास एस," ती म्हणाली. सोडून दे. बाबा आता नाही, कोणाला काय फरक पडतो.

"तो नाही म्हणूनच फरक पडतो. असता तर स्वतः बोलला असता," असं म्हणून ताईंनी फोन ठेवला. मुलीचा राग आला, आणि हाइनरचा त्याहून जास्त. कागद एकदा नीट तपासून घे, असं किती वेळा सांगितलं होतं त्याला.

ज्या वस्तूकडे पस्तीस वर्षं पाहिलं नव्हतं, तिचा अभ्यास त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी सुरू केला. हाइनरने काढलेले दोन्ही रायफलींचे फोटो होते. कोलोनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी दोघींची ड्रॉइंग काढली, कारखान्यात पंपांची काढायच्या तशीच.

दोन्ही एकाच अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालेल्या, एकाच पेटंटच्या. गोळी सुटली की आतली नळी बाहेरच्या नळीत मागे सरकते, रिकामं काडतूस फेकलं जातं आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. शंभर वर्षांपूर्वी हे नवलच होतं. काडतूसही एकच, रेमिंग्टन नावाचं. फरक बाहेरून दिसायचा. अमेरिकन रायफलीची नळी गोल, गुळगुळीत. बेल्जियमच्या कारखान्याने मात्र नळीवर शेवटपर्यंत एक सपाट पट्टी ठेवली होती, नेम धरताना नजर तिच्यावरून जावी म्हणून.

मग त्यांनी हाइनरच्या जुन्या हिरव्या परवान्याची झेरॉक्स काढली. १९७३ साली कारकुनाने हाताने भरलेला तो कागद. दोन्ही ओळींत बनावटीच्या रकान्यात रेमिंग्टन. त्याने काडतुसाचंच नाव तिथे लिहिलं होतं. पण दुसऱ्या ओळीच्या टोकाला बारीक अक्षरात शेरा होता, 'नळीवर पट्टी'. आणि नंबरातला पहिला आकडा? ताईंनी भिंग लावलं. तारखेतल्या सातला मधोमध आडवी रेघ होती. नंबरातल्या 'सात'ला नव्हती. तो जर्मन हाताने काढलेला, लांब शेंडीचा एक होता. संगणकात भरणाऱ्याने तो सात वाचला होता. गायब रायफल कधी नव्हतीच.

एवढं कळल्यावर राग निवायला हवा होता. तो उलट अजूनच भडकला. कपाटातली रायफल आणि हा कागद क्रेमरने शेजारीशेजारी ठेवले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं.

ताईंनी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. सप्टेंबरमध्ये त्या वेळ घेऊन कचेरीत गेल्या आणि ड्रॉइंग क्रेमरच्या टेबलावर उलगडली. त्याने परवान्याची झेरॉक्स ड्रॉइंगशेजारी ठेवून पाहिली.

"आल्झो, तर ही वाचण्यातली चूक. होतं असं."

"तुमची असली की चूक, आणि माझ्या नवऱ्याची वाटली की गुन्हा?" ताई म्हणाल्या. "विश्वासार्ह नव्हता हे वाक्य खोडा. तसं लेखी द्या. आज."

नंतर पोस्टाने पाठवू, असं तो म्हणाला. ताई खुर्चीतून उठल्या नाहीत. बारा वाजता कचेरी बंद झाली तरी बसून राहिल्या. शेवटी त्याची वरिष्ठ बाई आली, उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि पत्र टाइप करून सही केली. नोंद दुरुस्त, वाक्य रद्द. माफीचा शब्द नव्हता. ताईंनी मागितला, नियमात तसं बसत नाही, असं उत्तर मिळालं.

रायफली एका परवानाधारक संग्राहकाकडे गेल्या. ताईंनी त्या पत्राच्या बावीस प्रती काढल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घराच्या टपालपेटीत स्वतः टाकायला निघाल्या. समोरच्या फ्राऊ हेसे दारातच भेटल्या. पत्र वाचून म्हणाल्या, मला तर पहिल्यापासून खोटंच वाटत होतं.

"मग पाच महिने माझ्याशी बोलला का नाहीत?" ताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या घराकडे वळल्या.