मधाइतकी घट्ट

बाइंडरच्या घरात सकाळची कॉफी गाळून कपात पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता. लेक लहान असताना एकदा ऐन शाळेच्या वेळी पोट दुखतंय म्हणून रडत आली. त्याने ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं, सावकाश कप भरले, पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "हं, आता दुखू दे." लेक संसाराला लागून जुनी झाली, तरी हा किस्सा सासरी सांगते आणि जावई दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसतो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत धंदा होता. भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची चळत, मध्ये पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, खिडकीशी बायकोची बसायची जागा. ती छापील पानांचे फर्मे शिवायची, तो पुस्तकाची पाठ गोल करून पुठ्ठा चढवायचा. कोपऱ्यातल्या शेगडीवर मैद्याची खळ शिजायची आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद पडायचं. मोरचूद म्हणजे विषच. कॉफीही त्याच शेगडीवर व्हायची. लग्न नवीन असताना बायकोने घाईघाईत कॉफी ढवळायला खळीचा चमचा घेतला. कप तोंडाशी जायच्या आत त्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. भांडं, चमचा, कप, सगळं त्याने उचलून बाहेर नेऊन टाकलं आणि परत आल्यावर एवढंच म्हणाला, की उद्यापासून कॉफी मी बघेन, तू सुई सांभाळ. अशी शिक्षा देव सगळ्या बायकांना देवो, असं ती शेजारच्या शिंपिणीला सांगायची.

तेव्हापासून तिने आयती कॉफी प्यायली. ती अंथरुणात असतानाच शेगडीवर पाणी चढायचं. उकळी आली की तो शेगडी बंद करायचा, पूड वरून सोडायचा, झाकण ठेवायचा आणि खिडकीतून रस्ता बघत उभा राहायचा. मग पुस्तकाच्या पाठीला लावायच्या मलमलीचा कोरा तुकडा घेऊन गाळायचा. झाकण किती वेळ ठेवायचं, पूड किती सोडायची, हे तिने कधी विचारलं नाही. आयतं मिळतं त्याची कृती कोण विचारतं?

मग एका सकाळी गाळता गाळता त्याचा उजवा हात लुळा पडला. फडका, भांडं आणि तो, तिघंही खाली आले.

इस्पितळातून तो परतला तेव्हा अर्धं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती आणि घसा गिळणं विसरला होता. पातळ काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाणीसुद्धा नाही. पातळ पदार्थ अन्ननलिकेची वाट चुकून श्वासनलिकेत उतरतो आणि छातीत जाऊन बसतो. एक चमचाही जिवावर बेतू शकतो. गिळायला शिकवायला एक बाई घरी येऊ लागली. बाईने एक पांढरी भुकटी दिली, ती कुठल्याही पेयात ढवळली की ते दाट होतं. चमच्यातून मधासारखं ओघळलं पाहिजे, असं तिने करून दाखवलं. तिची पाठ वळल्यावर बाइंडरने जड जिभेने तिचं नाव ठेवलं, "घोटबाई". आजारपणातला त्याचा हा पहिला विनोद. बायकोला वाटलं, माणूस परत आला.

दुसऱ्या दिवशी तिने हौसेने कॉफी केली. इतक्या वर्षांनी त्या भांड्याला हात लावताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. भुकटी घालून ढवळली, चमच्यातून ओघळून पाहिली आणि त्याच्यापुढे नेली. त्याने डाव्या हातात चमचा घेतला, तिरका केला आणि पडणारी धार नीट निरखली. आयुष्यभर त्याने चमच्याची धार बघूनच कामं केली होती. कागदाला कोणती, कापडाला कोणती, पुठ्ठ्याला कोणती, हे त्याला धारेवरून कळायचं.

"खळ," तो म्हणाला.

तिने समजूत घातली. कॉफीच आहे, नुसती दाट केलीय, चव घेऊन तर बघा. त्याने चव घेतली नाही. उशाशी पडलेलं मासिक उलटं केलं, चमचाभर कॉफी पाठीवर ओतली आणि बोटाने कडेपर्यंत सारखी पसरली. कुठे गाठ नाही, कुठे कोरं नाही. मग सुटलेलं मुखपृष्ठ त्यावर बसवून तळहाताने दाबून धरलं. चेहऱ्यावर राग नव्हता. हा टोमणा आहे की डोकंही अंगासारखं अर्धं गेलंय, हे तिला कळेना. विचारायचं तरी कसं? संध्याकाळी लेक आली आणि मुखपृष्ठ ओढून पाहायला गेली, तर ते पक्कं चिकटलं होतं.

लेक म्हणाली, आई, बाबांना कॉफी दिसूच देऊ नकोस, वासही नको. आपोआप विसरतील. लेकीचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि तिथेच तर अडत होतं. घरात कॉफी बंद झाली. बायकोला मात्र डोकं ठणकल्याशिवाय राहीना. मग घोटबाई येऊन बसली की ती दोरा आणायच्या निमित्ताने शिंपिणीकडे जायची आणि उभ्या उभ्या कपभर कॉफी पिऊन, चूळ भरून परत यायची.

चूळ भरून काय होतंय? एकदा ती उशी सारखी करायला वाकली, तर त्याने तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि डोळे मिटून घेतले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताने तोंड झाकून ती आतल्या खोलीत गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

त्यानंतर त्याने धोशा लावला. जेवण नको, औषध नको, खरी पातळ कॉफी हवी. तिने दटावलं, रडून पाहिलं, घोटबाईची भीती घातली. तो ओठ घट्ट मिटून पडून राहायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उपाशी ठेवलं तर खंगणार आणि पाजलं तर काय होणार ते डॉक्टरांनी सांगूनच ठेवलेलं. शेवटी एका सकाळी तिने कॉफी केली आणि चमच्याचं नुसतं टोक भरून त्याच्या जिभेवर सोडलं. त्याने गिळलं. काही झालं नाही. त्याच्या डोळ्यांत असं काही लकाकलं की तिचा हात आपणहून पुन्हा कपाकडे गेला.

दुसऱ्या चमच्याला ठसका लागला. ठसका थांबेचना. ओठ निळसर पडले, डोळे बाहेर येऊ लागले. ती त्याची पाठ चोळत एवढ्या मोठ्याने ओरडली की शिंपीण कात्री हातात घेऊनच धावत आली. पुन्हा इस्पितळ, पुन्हा नळ्या. ताप चढला आणि छाती भरली. डॉक्टरांनी विचारलं, पातळ कुणी दिलं? बाइंडरने डाव्या हाताने स्वतःची छाती ठोकली. "मी," तो म्हणाला. "मीच घेतली." लेक बापावर चिडली. आईला जवळ घेऊन म्हणाली, "आई, तू तरी किती बघणार?" खरं सांगावं तर लेक तोडून बोलेल, न सांगावं तर नवऱ्याच्या माथी आळ. तिने आळ तसाच राहू दिला.

घरी आल्यावर दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी तो म्हणाला, "कॉफी कर."

तिने हात जोडले. "माझ्या जिवाशी खेळू नका हो."

"तुझी," तो म्हणाला. "तू पी. इथे."

शिंपिणीकडे चोरून पिऊन येण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं, पण तेही फसलं. तो पडल्या पडल्या शेगडीकडे बघत हुकूम सोडू लागला. पाण्याला अजून उकळी नाही. आता बंद. पूड एवढी नको. झाकण. ती झाकण उचलायला गेली की म्हणायचा, "थांब." बराच वेळ खिडकीकडे बघत राहायचा. मग "हं." पहिल्या दिवशी कडू झाली, दुसऱ्या दिवशी पांचट. तो तिचा चेहरा बघूनच ओळखायचा आणि मान हलवायचा. ती एकेक घोट घ्यायची आणि तो तिच्या गळ्याकडे बघायचा. घोट खाली उतरताना गळा कसा हलतो, तेवढंच. तिला वाटायचं, ही कॉफी आपल्या घशात दगड होऊन अडकावी. पण तिचा घसा धडधाकट होता, सगळं मुकाट्याने उतरायचं.

मग एका सकाळी त्याने एकही हुकूम सोडला नाही. तिचं तिनेच केलं, हाताला जसं सुचलं तसं. गाळून कप भरला, त्याच्याशेजारी बसली आणि घोट घेतला. आणि तिला कळलं, जमली. अगदी तीच. एवढी वर्षं अंथरुणात बसून प्यायलेली, त्याच्या हातची.

"कशी?" त्याने विचारलं.

खोटं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण तो चेहऱ्याकडे बघत होता.

"तुमच्यासारखी झालीय," ती म्हणाली.

त्याने समाधानाने मान डोलावली. आणि मग, कुणीही पुढे करावा तसा अगदी सहज, त्याने कपासाठी डावा हात पुढे केला. हट्ट नाही, रुसवा नाही. तिला कप देता येईना आणि खाली ठेवता येईना. त्याचा हात तसाच उघडा राहिला, आणि तिच्या हातात कॉफी निवत गेली.