सर्जेरावांचा खर्ज

सर्जेराव खंडागळे बजाजनगरात बहिरे मिस्त्री म्हणूनच ओळखले जात. वाळूजच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली. शेजारी दिवसभर मोठाल्या मशिनी धडधडायच्या. निवृत्त झाले तेव्हा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्यात कुणी ओरडलं तरच काही शिरायचं. लोकांना ओरडायला लावायची लाज वाटे, म्हणून त्यांनी चारचौघांत बसणंच सोडलं. कुणी काही विचारलं की बायको चंपाबाईच उत्तर द्यायच्या.

अशात एक दिवस लाकडाचं काम करणारा मिस्त्री शोधत तातेंदा दारात आला. झिम्बाब्वेहून इथं एमएस्सी करायला आलेला तरुण. त्याला चार मित्रांना घेऊन आपल्याकडचा वाद्यवृंद उभा करायचा होता. एम्बिरा त्याच्यापाशी होता. छोट्या फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडायच्या. मरिंबा मात्र कुठं मिळेना. त्यानं वहीत चित्र काढून दाखवलं. लाकडी पट्ट्यांची रांग, प्रत्येकीखाली पाइप, वरून रबरी टोकाच्या काठ्यांनी वाजवायचं.

"काका, बनेगा?"

सर्जेरावांनी चित्र निरखलं. "लाकडाचंच हाय ना? व्हईल की."

"अन् सूर कोण बघंल?" चंपाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"त्यो बघंल. मी तासतो."

सर्जेराव शिसवाची पट्टी खालून तासत, तातेंदा वाजवून ऐके आणि बोटानं खूण करी, अजून थोडं. एक हात जास्त फिरला की सूर नको तितका उतरायचा. पहिल्याच दिवशी तीन पट्ट्या वाया गेल्या. सर्जेरावांनी रंधा आपटला आणि आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तातेंदा पुन्हा हजर. सर्जेरावांनी चौथी पट्टी शिकंज्यात धरली.

दोन महिन्यांनी खर्जाच्या पट्ट्या झाल्या. लांबलचक, खाली ड्रेनेजचे जाड पाइप. तातेंदानं त्यातली पहिली वाजवली तेव्हा सर्जेरावांचा तळहात पाइपावर होता. ते दचकले. आवाज हातातून चढून थेट छातीत घुमला होता.

"पुन्यांदा वाजव," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "अजून."

पुढं खर्ज वाजवणारा मित्र पदवी घेऊन मायदेशी गेला. तातेंदानं काठ्या सर्जेरावांच्या हाती दिल्या.

"मला ऐकू येत नाय रे."

"ऐकू नका," तातेंदा शिकलेल्या मराठीत मोठ्यानं म्हणाला. "माझा खांदा बघा."

बुद्धपौर्णिमेला विहाराच्या सभागृहात कार्यक्रम झाला. दुसऱ्याच धुनेच्या मध्यात फोटो काढायला कुणीतरी स्टेजवर चढलं आणि तातेंदाचा खांदा दिसेनासा झाला. सर्जेराव चुकले, थांबले. बाकीचे वाजवत राहिले. त्यांना काठ्या खाली ठेवून निघून जावंसं वाटलं. समोर चंपाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. तेवढ्यात तातेंदा एम्बिरा वाजवतच त्यांच्याजवळ आला आणि स्टेजच्या फळ्यांवर पाय आपटू लागला. ठेका सर्जेरावांच्या तळव्यांना लागला. चार ठोके त्यांनी तसेच जाऊ दिले आणि पाचव्याला खर्ज घातला. धून संपेपर्यंत मग ते चुकले नाहीत.

तातेंदा यंदा शिक्षण संपवून घरी गेला. मरिंबा इथंच ठेवून गेला. दर रविवारी सराव चालतो. झिम्बाब्वेचे दोन नवे विद्यार्थी येतात, चिकलठाण्याची सोनिया नावाची नर्स एम्बिरा शिकते. कुणी उशिरा आलं की सर्जेराव लई चिडतात.