खोटा नऊ

आमच्या फुटबॉल संघाच्या नऊ नंबरला मी वीस वर्षांत दोनदाच धावताना पाहिलं. एकदा मैदानात शिरलेलं कुत्रं त्याच्या मोज्यांच्या मागे लागलं तेव्हा, आणि एकदा त्याच्या हळदीला बोलावलेला बँड चुकून शेजारच्या मांडवात शिरून वाजवायला लागला तेव्हा. एरवी सामना रंगात आलेला असताना हा माणूस उभा असायचा. आम्ही दहा जण घामाने निथळतोय, आणि हा कमरेवर हात ठेवून समोरच्यांच्या गोलपाशी, बसची वाट पाहावी तसा. सामना संपल्यावर हिशेब काढला की निम्म्याहून जास्त गोल मात्र त्याचेच निघत.

करावे गावात त्याचं हरेश हे नाव फक्त मतदारयादीत होतं. पाठीवरच्या नऊ नंबरामुळे गावाच्या बोलीत तो 'नवलंबर' झाला आणि घाईच्या वेळी नुसता 'लंबर'. त्याच्याहून लहान असलेले आम्ही त्याला दादूस म्हणायचो. तो पालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन होता. पहाटे उठून सेक्टरांचं पाणी सोडायचं आणि मग भरती-ओहोटी बघून बापाची होडी खाडीत घालायची, असा त्याचा दिवस. दोन्हीकडे पाण्याचीच नोकरी, फक्त एकीकडे पगार आणि दुसरीकडे चिंबोऱ्या, असं तो सांगायचा.

उभं राहण्यामागे त्याचं शास्त्र होतं. खाडीत प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना बांधून लावतात ते डोल जाळं. ते कुठे जात नाही. पाणी वाहतं, मासा पाण्याबरोबर येतो आणि आपसूक आत शिरतो. मी संघात नवा होतो तेव्हा एकदा धीर करून विचारलं होतं की दादूस, तुम्ही पळत का नाही? त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मासा शोधाया जायाचा नसतो, सातारा. पानी त्याला आनतं. आपून जाल कुठं लावायचा, तेवरा बगायचा."

सातारा म्हणजे मी. वडील साताऱ्याकडून येऊन मार्केटात माथाडी झाले, आणि आम्ही करावे गावात भाड्याने राहिलो. गावातली पोरं मला घाटी म्हणून चिडवायची. लंबरने पहिल्याच दिवशी मला गोलकीपर केलं आणि जाहीर केलं की आजपासून याला कोणी घाटी म्हणायचं नाही, सातारा म्हणायचं. दोन्हीत फरक काय ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्याच्या जाळ्यात मासा, म्हणजे चेंडू, इतक्या इमानाने कसा यायचा, याचं गुपित मात्र खेळात नव्हतं. होडीवर गेलेल्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, तशी पद्धत त्याने मैदानात आणली होती. ज्याच्या पासवर गोल झाला, त्याच्या घरी सोमवारी सकाळी वाटा पोचायचा. कधी बोयी, कधी कोळंबी, आणि सामना महत्त्वाचा असेल तर निवट्या. वाटा द्यायला त्याची बायको बेबीवहिनी स्वतः यायची आणि दारातूनच ओरडायची, "पासाचा हाय." अशा परिस्थितीत दुसऱ्या कोणाला पास कोण देणार? गोलच्या उजव्या खांबापासून चार पावलांवरची ती जागा आम्हाला डोळे मिटूनही सापडायची. आमच्या संघाची खेळण्याची पद्धत कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. ती कालवणातून आली होती. एका सामन्यात मी गोलमधून मारलेला लांबचा चेंडू थेट त्याच्या डोक्यावर पडून आत गेला, तेव्हा आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा निवट्या साफ केल्या आणि मला फुटबॉल खेळायला कायमची परवानगी मिळाली.

बरीच वर्षं हे छान चाललं. मग उलव्यात, खारघरात, पामबीचच्या बाजूला सोसायट्यांचे नवे संघ उभे राहिले. टर्फवर सराव केलेली पोरं. चेंडू आमच्याकडे आला की तिघे-तिघे अंगावर धावून यायची. लंबरपर्यंत चेंडू पोचायच्या आधीच गायब. दोन मोसम आम्ही हरत राहिलो आणि शेवटी मंडळाने एक शिकलेला कोच आणला. त्याचं नाव मुजीब. मूळचा उरणकडच्या मुसलमान घरातला, राहायला उलव्यात, वय सत्तावीस. पोरगा गुणी होता, आदबशीर होता, पण पहिल्याच दिवशी त्याने लंबरला "अंकल, थोडं साइडला व्हा, सराव सुरू करायचाय" असं म्हटलं. बेचाळीस वर्षांचा आमचा नऊ नंबर खरोखरच बाजूला जाऊन उभा राहिला. हसावं की रडावं ते आम्हाला कळेना.

मुजीबचा खेळ वेगळाच होता. सगळ्यांनी पळायचं, सगळ्यांनी मागे यायचं, चेंडू जमिनीवरून खेळवायचा. आम्ही धापा टाकत शिकलो आणि जिंकायलाही लागलो. पण मग प्रश्न उभा राहिला, आणि तो अकराव्या माणसाबद्दल होता. दहा जण भरतीसारखे वरखाली होतायत, आणि एक जण खुंटाला बांधलेला. गावात दोन तट पडले. एक म्हणे, गोल करणाऱ्याला कोण काढतं का? दुसरा म्हणे, गोल करतो खरा, पण त्याच्यापायी आपण दहाच जण खेळतो. कप्तान मी होतो आणि अकरा नावांची यादी माझ्या हाताने लिहिली जायची. उपांत्य सामन्याला तीन आठवडे होते. मुजीबने मला सांगितलं, की या माणसाला बाहेर बसवायची त्याची इच्छा नाही, पण पद्धत बदलली नाही तर बसवावं लागेल, आणि हे त्याला कप्तानानेच सांगितलेलं बरं.

त्याआधी मुजीबने स्वतः एक प्रयत्न केला, आणि तिथेच घोटाळा झाला. सरावाच्या शेवटी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "लंबरदादा, तुम्ही आता फॉल्स नाइन व्हायचं. टेन्शन नका घेऊ, मी शिकवतो." लंबरने शेजारच्याला विचारलं, फॉल्स म्हणजे काय रे? शेजारचा बारावी नापास असला तरी इंग्रजीचा त्याला अभिमान होता. तो म्हणाला, "फॉल्स म्हंजे खोटा."

लंबर थेट घरी गेला. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, की उलव्याचा कोच नवलंबरला खोटा नऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुजीब मैदानात पोचला, तर मासळीची पाटी बाजूला ठेवून बेबीवहिनी त्याची वाट बघत उभी होती. "माज्या घोवाला खोटा बोल्लास तू? वीस वरसा गोल मारलान त्यानी, त्ये सगले खोटे काय?" मुजीब बिचारा मोबाइल काढून परदेशातल्या खेळाडूंची चित्रफीत दाखवायला लागला. वहिनीने ती शेवटपर्यंत पाहिली आणि निकाल दिला, की ही माणसंपण खोटीच दिसतायत. चार दिवस लंबर सरावाला फिरकला नाही.

शेवटी मी गेलो. खाडीकाठी बसून तो जाळं सांधत होता. मी समजावलं, की खोटा म्हणजे लबाड नव्हे. दिसायला सगळ्यात पुढचा, पण खेळायला मागे यायचं. मागे आला की पहारा देणारे दोघे गोंधळून त्याच्यापाठी येतात आणि त्यांच्या पाठीमागची जागा मोकळी पडते. तिथे आपल्यातला दुसरा कोणी शिरतो. त्याने सुईतला दोरा दाताने तोडला.

"म्हंजे मी हाय, पन नाय."

"तसंच काहीतरी."

"आन गोल?"

"गोल दुसरा मारेल."

त्याने सुईत नवा दोरा ओवला. खरं म्हणजे त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं, की दादूस, हे जमलं नाही तर या वेळी यादीत तुमचं नाव नाही. त्याचसाठी गेलो होतो. पण ज्याने मला संघात आणलं त्याला हे सांगणं मला जमलं नाही. मी भरतीची वेळ विचारली, वहिनीची चौकशी केली आणि उठलो. मला आजही त्याची लाज वाटते. जाताना तो एवढंच म्हणाला, की रविवारी येतो.

आला. आणि त्या रविवारी जे झालं ते मी विसरणार नाही. लंबर मागे यायला शिकत होता. चार पावलं येऊन थांबायचा, पुन्हा यायचा, तोंडाने श्वास घ्यायचा. पण आम्ही? आमचा डावा हाफ मान वर न करता चेंडू मारायचा, तो थेट उजव्या खांबापासून चार पावलांवर. तिथे कोणीच नसायचं. चेंडू एकटाच घरंगळत बाहेर जायचा. मग दुसऱ्याने मारला, तिसऱ्याने मारला. सगळे त्याच रिकाम्या जागी. मुजीब डोक्याला हात लावून खाली बसला. मी गोलमधून ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा नव्या खेळात बसतो का, असं आम्ही महिनाभर विचारत होतो. पण त्याला तिथे उभं कोणी केलं होतं? वीस वर्षं आमचीच सोय होती ती. त्याच्यामुळे आम्हाला मान वर करून बघावं लागत नव्हतं. तो बेचाळिसाव्या वर्षी बदलायला तयार झाला होता, आणि पंचविशीतली पोरं रिकाम्या जागेला पास देत होती.

मी यादीत त्याचं नाव लिहिलं. कप्तान म्हणून मी स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं बहुधा ते एकच काम.

उपांत्य सामना पनवेलकडच्या संघाशी होता. लंबरची कीर्ती त्यांनाही ठाऊक होती, त्यामुळे दोन धिप्पाड पोरं पहिल्या मिनिटापासून त्याला चिकटलेली. तो मागे आला, ती आली. तो आणखी मागे आला, जवळजवळ मध्यरेषेपर्यंत, तरी ती आली. गोलशून्य सामना संपत आलेला असताना त्याने पाठमोरं राहून चेंडू घेतला, वळला आणि आमच्यातला विशीतला सुमित ज्या बाजूने सुसाट निघाला होता तिथे पुढे सरकवला. सुमितच्या आणि गोलच्या मध्ये एकटा गोलकीपर होता. गोल झाला. सगळे सुमितकडे पळाले. लंबर मध्यरेषेजवळ एकटाच उभा होता आणि समोरच्या मोकळ्या मैदानाकडे असा बघत होता, जणू ते कोणीतरी त्याला आज पहिल्यांदा दाखवलं. मी गोल सोडून त्याच्याकडे धावत गेलो, जे कीपरने कधी करायचं नसतं. तो म्हणाला, "यवरा मोठा हाय रं मैदान."

सोमवारी सुमितच्या आईने लंबरच्या घरी उलटा वाटा पाठवला, बाजारातून विकत आणलेलं पापलेट. अंतिम सामना आम्ही हरलो, पण तो मोसम गावाला सुखाचा गेला. पुढच्या मोसमात मुजीबने लंबरला कप्तान केलं. मी उलव्यात फ्लॅट घेतला होता, नोकरीही वाशीची, ये-जा वाढली होती. मीच म्हणालो की ठीक आहे, मी नुसता कीपर बरा.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी लंबर स्कूटर घेऊन उलव्याला घरी आला. बायकोने चहा ठेवला. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि चहा यायच्या आत बोलला.

"सातारा, तुजं नाव कारलंय यादीतून. मुजीबनी नाय. मी कारलंय."

मला आधी ऐकलेलं खरंच वाटेना. तो शांतपणे सांगत होता. आता खेळ मागून सुरू होतो, कीपरच्या पायापासून. तू चेंडू अडवतोस झकास, पण नंतर नुसता उंच भिरकावतोस. पाच मिनिटांनी तो परत आपल्यावरच येतो. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळेच मला राग आला. मी बोलून गेलो, की तुमचं नाव निघायची वेळ आली होती तेव्हा मी ते ठेवलं होतं, दादूस.

"ठेवलंस," तो म्हणाला. "पन मना सांगलं नायस. त्या दिवशी खारीवर मना कललं होतं तू कशाला आलास त्ये. तू दोन वरसा अगुदर तोंडावर बोल्ला असतास, तं मी दोन वरसा अगुदर शिकलो असतो."

चहा आला. आम्ही दोघांनी तो घेतला. मला रडू येत होतं, आणि चाळिशीला टेकलेल्या माणसाला फुटबॉलच्या यादीवरून रडू येतं याची लाजही वाटत होती. निघताना त्याने दारात चपला घातल्या आणि मागे न बघता सांगितलं, की रविवारी सकाळी सहाला मैदानात ये, सगळे यायच्या आधी. शिकायला त्याला तीन आठवडे लागले, मला सहा महिने लागतील, कारण घाटावरची माणसं हट्टी असतात.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. वॉलमनची पहाटेची पाळी संपवून तो तिथे आलेला असतो. तो वीस पावलांवर उभा राहून चेंडू देतो, मी पायाने थांबवून परत द्यायचा. पहिले काही रविवार माझे चेंडू गटारात गेले, एक तर चालायला आलेल्या आजोबांच्या पिशवीत गेला. यादीत माझं नाव अजून आलेलं नाही. मागच्या रविवारी मात्र सलग दहा चेंडू नेमके त्याच्या पायात गेले. दहावा गेल्यावर मी काहीतरी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्याने चेंडू तळव्याखाली दाबून धरला आणि म्हणाला,

"आता डाव्या पायानी."