चाकामागचा ठोकळा

ट्रकवाले दोन जण चहाला बसले की किस्से सुरू, आणि चहा थंड! माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच माणसाचे, महादेव उस्तादांचे. पन्नासच्या दशकात गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान आम्ही मूल गावावरून बल्लारपूरला आणायचो. ते ड्रायव्हर, मी क्लीनर. आपणही ड्रायव्हर व्हायचं, एवढंच माझं वेड होतं.

हँडब्रेकवर उस्तादांचा काडीचा विश्वास नव्हता. चढावर गाडी थांबली की मी उडी मारायची, मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा आणि ओरडायचं, "लावला, उस्ताद!" मगच ते ब्रेकवरचा पाय काढत. स्वतः ठोकळ्याला त्यांनी कधी हात लावला नाही. "ते क्लीनरचं काम हाय!"

*

स्टेअरिंग कधी देणार विचारलं तर म्हणाले, "पयले कान तयार कर. डोळे मीट अन् सांग, कोणता गेअर हाय?"

मी रोज डोळे मिटून सांगायचो. एकदा भर दुपारी आवाज आला, "सांग!" मी दचकून म्हणालो, "तिसरा!"

"अबे, गाडी बंद करून मी चहा पिऊन आलो!"

*

मूलच्या खानावळीत थाळी म्हणजे स्टेअरिंग. मी जेवायला बसलो की उस्ताद ओरडत, "वळव डावीकडं! समोर बैलबंडी हाय!"

एकदा मी अशी काही वळवली की सगळं वरण शेजाऱ्याच्या मांडीवर! मालकानं हात जोडले, "उस्ताद, याले लवकर लायसन भेटू द्या. माह्या गिऱ्हाइकायचे धोतरं वाचतीन!"

*

शेवटी उस्तादांनी खरं स्टेअरिंगही हातात दिलं. आमच्या गाडीच्या मालकांनी, शेठजींनी, नवी गाडी घेतली होती. लायसन मिळालं तर ती माझ्या हाती, नाही तर दुसऱ्याच्या. चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, परीक्षा होती. उस्ताद खाली थांबले, शेजारी साहेब. "चढावर थांबवा."

थांबवली. हँडब्रेक ओढला, आणि सवयीनं ठोकळा घेऊन खाली उडी! चाकामागून ओरडलोसुद्धा, "लावला, उस्ताद!"

वर केबिनमध्ये साहेब एकटे! गेली नवी गाडी!

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "अहो, ड्रायव्हर कुठे गेला?"

"मीच साहेब."

"मग वर या की! पास व्हायचंय ना?" आणि हसत सुटले. पास केलं बिचाऱ्यांनी.

*

परतताना उस्ताद क्लीनरच्या जागेवर जाऊन बसले. मी गाडी काढली. नाल्याच्या चढावर एक बंडी आडवी आली, म्हणून थांबलो. शेजारचं दार वाजलं. बघतो तर उस्ताद जागेवर नाहीत.

तेवढ्यात मागच्या चाकाकडून आवाज आला, "लावला, उस्ताद!"