मशीन चालू असेपर्यंत

माझ्या भावाला अख्खी गल्ली काच्या म्हणते. आमचं काचेचं दुकान आहे. मी दुकानात बसून फोटोंना फ्रेमा करते, तो घरोघरी जाऊन खिडक्यांना काचा बसवतो. स्वभावाने इतका गरीब की गिऱ्हाइकाच्या हातून काच फुटली तरी हाच म्हणणार, "असू दे हो, काचच हलकी होती." मी त्याची थोरली बहीण. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्याची गोष्ट मीच सांगते. त्याला सांगायला बसवलं तर नुसता घसा खाकरत बसेल.

त्याला एक खोड आहे. कुणाच्या घरून काढलेली जुनी काच तो टाकत नाही. पुसतो, कागदात गुंडाळतो आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवतो. रंगीत काच असली तर विचारूच नका. "ताई, असा लाल रंग आता कुठे मिळतो?" म्हणून उजेडात धरून बसणार. मी म्हणायची, "मग तिच्याशीच लग्न कर बाबा, आम्ही सुटलो."

आणि गंमत म्हणजे त्याचं लग्न जुळलं ते खिडकीमुळेच. एका घरी वरच्या खोलीतली खिडकी बदलायला त्याला बोलावलं होतं. जुनी लाकडी चौकट, लाल-हिरव्या चौकोनी काचा, कोपऱ्यातला एक चौकोन फुटलेला आणि तिथे पुठ्ठा ठोकलेला. घरातली मुलगी समोर उभी राहून सांगत होती, सगळ्या काढा, एकही ठेवू नका, साधी काच लावा. ह्याने विचारलं, "हा चौकोन कुणी फोडला?" ती म्हणाली, "मीच. लहान होते तेव्हा." हा हसला. पोरगी खोडकर असणार, असं त्याला वाटलं. मग एका दिवसाचं काम ह्याने लांबवत नेलं, रोज काहीतरी विसरून यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणायला जायचा. त्यातून लग्न ठरलं.

भावजय गुणाची निघाली. शांत, टापटीप. घाबरली की बाहीच्या आत मूठ ओढून घ्यायची, आणि झोपताना खोलीचं दार उघडं लागायचं, एवढ्याच काय त्या तिच्या तऱ्हा. मी खुसपटं काढणारी बाई, पण मलाही तिच्यात काही सापडलं नाही. मग मुलगी झाली. एका जागी ठरायची नाही, सारखी तुरुतुरु, म्हणून तिला सगळे खारू म्हणायला लागले. काच्याचा जीव तिच्यात इतका अडकला की हातातलं काम टाकून तिला शाळेतून आणायला पळायचा.

खारू जरा मोठी झाल्यावर तिला वेगळी खोली दिली. खोलीची खिडकी पश्चिमेला होती. भावजय माहेरी गेली असताना काच्याच्या डोक्यात आलं, बायकोला चकित करायचं. त्याने मागच्या भिंतीच्या त्या जुन्या काचा काढल्या आणि पोरीच्या खिडकीत बसवल्या. बायकोच्या माहेरच्याच काचा! काचेवाल्याशिवाय हे खूळ कुणाच्या डोक्यात येईल? फुटक्या चौकोनाच्या जागी त्याने नवा हिरवा तुकडा कापून घातला, पुठ्ठ्याचा मागमूस ठेवला नाही.

भावजय दुपारी परतली तेव्हा मी तिथेच होते. खारू पलंगावर लोळत होती, तिच्या अंगावर लाल-हिरवे चौकोन पडले होते. काच्या शेजारी बसून म्हणत होता, "बघ, तुझा हात लाल झाला. आता नाक हिरवं." भावजय दारात थांबली. आत येऊन तिने पोरीला उचललं आणि तिच्या अंगावरून हात फिरवायला लागली, ते रंग पुसून निघतात की काय हे बघितल्यासारखी. मग नवऱ्याला म्हणाली, "दार का लावलं होतं?"

"दार कुठे लावलंय?" मी म्हणाले. दार सताड उघडं होतं. तिनेही वळून पाहिलं, तरी तिला ते दिसलं असं मला वाटलं नाही.

त्यानंतर ती बापलेकीला एकटं सोडेना. खारूला जवळ घेऊन हळू आवाजात काय काय विचारत राहायची. काचांबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. आणि एके दिवशी पोरीला घेऊन माहेरी निघून गेली. काच्याने समजूत घालून पाहिली, आमच्या विहीणबाई, म्हणजे तिची आई, त्यांना मध्ये घातलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मुलीची भेट मिळावी म्हणून त्याने कुटुंब न्यायालयात अर्ज केला. उत्तरादाखल दारात पोलीस आले.

बापाने पोटच्या मुलीवर अत्याचार केला, अशी तक्रार होती. पोक्सो कायद्याखाली. आमच्या वकिलाने सरळ सांगितलं, "ताब्याच्या भांडणात हे हत्यार फार चालतं. तिच्या वकिलाने आधी चाचपलं असणार, मुलीने बापाबद्दल कधी काही सांगितलंय का? एकदा हे कागदावर आलं की बापाला मूल दिसत नाही. आणि या कायद्यात कोर्ट आरोप खरा धरून चालतं, खोटा आहे हे आपण दाखवायचं." असा कायदा हवा, तो मुलांसाठीच आहे, हे मलाही कळतं. पण माझ्या भावाला बेड्या घालून नेताना समोरचा इस्त्रीवाला थुंकला, तेव्हा माझं सगळं कळणं संपलं. मी त्याच्या अंगावर धावून गेले, दोघांनी धरून मला मागे ओढलं.

खारूच्या जबाबात रंगीत खिडकी होती. पोलिसांनी येऊन खोली पाहिली, तर रंगीत खिडकी होती. आणखी काय हवं?

जामिनावर सुटून आला तो काच्या नव्हताच. काम बंद झालं होतं, काच्याला घरात कोण घेणार? दुपारी तो खारूच्या खोलीच्या दाराशी बसून राहायचा. उन्हं कलली की ते लाल-हिरवे चौकोन आधी भिंतीवर यायचे, मग खाली उतरून रिकाम्या पलंगावर चढायचे, उशीपाशी जरा थांबायचे आणि विझायचे. मी धीट बाई आहे, पण त्या वेळी त्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती होत नसे. तिथे कुणीतरी गप्प बसून आहे असं वाटायचं. खारू नव्हे. दुसरंच कुणीतरी.

एकदा तिथेच बसून तो म्हणाला, "ताई, माणूस काहीतरी करतो आणि त्याला आठवत नाही, असं होत असेल का गं?"

"मुस्काटात मारीन," मी म्हणाले. "पुन्हा असं बोललास तर याद राख!" पण तो विनोद करत नव्हता. पोर खोटं बोलत नाही, ह्यावर त्याचा एवढा विश्वास होता की तो स्वतःलाच खोटं पाडायला निघाला होता.

पुष्कळ खेटे घातल्यावर कोर्टाने एक भेट दिली. कोर्टाच्या आवारातच, मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या समोर. भिंतीवर सशाचं चित्र, कोपऱ्यात चाक निघालेली गाडी. खारूला विहीणबाई घेऊन आल्या होत्या, आत्या म्हणून मलाही बसू दिलं. खारू उंच झाली होती. काच्याने हात पुढे केला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन मागे घेतला.

खारूने बापाकडे पाहिलं. बाहीच्या आत मूठ ओढून घेतली, अगदी आईसारखी. आणि कुणी काही विचारलेलं नसताना बोलायला लागली. आवाज तिचाच, पण बोलण्याची ढब तिची नव्हती.

"मी वरच्या खोलीत असते. ते येतात आणि दार लावतात. खाली आई मशीनवर शिवत असते. मशीन चालू असेपर्यंत ओरडायचं नाही, आईला ऐकू जात नाही. थांबलं की ओरडायचं. पण ते थांबतच नाही. मग मी खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे बघते. पुठ्ठ्याच्या कडेने बाहेरचं दिसतं."

समुपदेशक बाई लिहून घेत होत्या. आमच्या घराला वरची खोली नाही. शिलाई मशीन नाही. भावजयीला बटण लावायचं म्हटलं तरी ती माझ्याकडे यायची. आणि पुठ्ठा? काच्याकडे पाहिलं तर तो पांढराफटक पडला होता. त्याच्या पलीकडे विहीणबाई. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलत होता, टाच वर, टाच खाली, मशीनचं पायडल मारतात तसा. त्यांच्या ध्यानीमनीही नसावं. समुपदेशक बाई लिहिता लिहिता 'पुठ्ठा' असं पुटपुटल्या आणि पाय थांबला.

बाहेर आल्यावर मी काच्याला भिंतीशी गाठलं. "ती तुझ्या सासरची खोली आहे! तुझ्या लग्नाआधीची! तो पुठ्ठा पोरीने जन्मात पाहिलेला नाही. चल, वकिलाला सांगू. सुटलास तू!"

"मी नाही सांगणार," तो म्हणाला.

"का?"

"ते हिचं आहे, ताई. माझ्या बायकोचं. तिने मला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. मी उठून कोर्टात सांगू? तिने तो चौकोन कशासाठी फोडला, हे मला तेव्हा कळलं नाही. मी हसलो होतो गं." आणि रस्त्यात उभा राहून रडायला लागला. "आणि त्याच काचा मी तिच्या पोरीच्या डोक्यावर नेऊन बसवल्या."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तुरुंगात सडशील म्हणाले, पोर कायमची जाईल म्हणाले. तो हो हो म्हणाला आणि ऐकलं नाहीच. घरी जाऊन त्याने त्या काचा काढल्या आणि साधी काच लावली, एवढंच.

मग एका सकाळी विहीणबाई दुकानात आल्या. मी बसा म्हणाले, त्या बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक फ्रेम काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या धाकट्या दिराचा फोटो. हा गृहस्थ वरच्या मजल्यावर राहायचा, कधीच मेला, आणि त्याच्या फोटोला फ्रेम मीच करून दिली होती.

"काच काढून घ्या," त्या म्हणाल्या. "फोटो तेवढा फाडा. माझ्या हाताने फाटत नाही."

मी फाडला. त्या बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोकांचे कपडे शिवून मी लेक वाढवली, असं मोठ्या तोऱ्यात सांगायची मी." मग पिशवीची घडी केली आणि म्हणाल्या, "लेकीशी बोलले आहे. ती कोर्टात येईल."

असा खटला नुसता मागे घेता येत नाही. भावजयीला उभं राहून सांगावं लागलं. दारं बंद करून ऐकलं सगळं. काच्याने नंतर मला जेवढं सांगितलं तेवढंच मी सांगते. ती म्हणाली, "मी मुलीला विचारत गेले, ती हो म्हणत गेली. मशीन होतं का? हो. पुठ्ठा होता का? हो. मला वाटलं, मला जे माहीत आहे तेच ती सांगतेय. खोटं नाही ते साहेब. फक्त ते तिचं नाही, माझं आहे."

काच्या सुटला. खोटी तक्रार केली म्हणून बायकोवर उलट केस करता येईल, असं वकील म्हणाले, तर हा चक्क त्यांच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणावर ओरडलेला मी ऐकला. दोघं एकत्र राहत नाहीत. खारू आईकडे असते, रविवारी भावजय तिला दुकानात आणून सोडते, संध्याकाळी नेते.

मला वाटलं, चला, मिटलं. पण पोरीच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. तिला तुरुंगाचं, कोर्टाचं काही आठवत नाही, ती खोली तेवढी आठवते. काच्या समजावतो, "ती पुठ्ठ्याची खिडकी मी काढली, तुझ्या जन्माआधी." ती विचार करते. म्हणते, "पण मला आठवतं ना, बाबा."

परवाच्या रविवारची गोष्ट. आमच्या समोर पिशव्या शिवणाऱ्याने नवा गाळा घेतला आहे. भावजय खारूला सोडायला आली, फळीवर टेकली, मी दोघींशी बोलत होते. समोर मशीन सुरू झालं. माझं वाक्य अर्धं राहिलं. मायलेकींच्या मुठी एकाच वेळी बाहीच्या आत गेल्या. दोघींचे डोळे एकाच जागी, माझ्या डोक्यावर भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे काहीही नव्हतं.

काच्या हातातली काच कापायची हिरकणी तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेला. त्याने हात जोडलेले मला दिसले. मशीन थांबलं.

सगळं चिडीचूप झालं. खारूने मान वळवली, परत येणाऱ्या बापाला विचारलं, "बाबा, थांबलं. आता ओरडू का?"

"ओरड," काच्या म्हणाला.

खारूने तोंड उघडलं, पण आवाज तिचा आला नाही. ओरडली ती तिची आई. समोरचा शिवणारा धावत बाहेर आला, इस्त्रीवाला आला, गल्लीतली दारं एकेक करून उघडली. ती थांबेना. आणि काच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "असू दे. ओरडू दे तिला."