टायरवरचं पूजेचं तेल

छबूबाईच्या पिठाच्या गिरणीत दळणाइतकीच तेलाची गिऱ्हाइकं यायची. कुणाच्या सायकलची चेन वाजायची, कुणाच्या दाराची बिजागरी. नवरा गेल्यावर ऑइल इंजिन तिनं स्वतः चालवायला घेतलं, आणि पहिल्याच महिन्यात पट्टा मऊ राहावा म्हणून त्याला गोडंतेल चोळलं. पट्टा पुलीवर नुसता घसरत राहिला. तेव्हापासून तेल कुठं घालू नये हे ती पक्कं शिकली.

धाकट्या दिरानं, गहिनीनाथनं, जुनी जीप घेतली. कुरकुरणाऱ्या दारात त्यानं खोबरेल ओतलं. वाटेचा फुफाटा त्यात बसून दार आणखीच केकाटायला लागलं. छबूबाईनं रॉकेलच्या बोळ्यानं बिजागरी साफ केली, इंजिनाच्या तेलाचे चार थेंब सोडले, वरचं पुसून घेतलं. दार गप्प झालं.

त्या दुष्काळी साली दसऱ्याच्या सकाळी तिच्या लेकीच्या, पुष्पावतीच्या, पोटात कळा सुरू झाल्या. मूल आडवं आहे, नगरला न्या, असं सुईणीनं सांगितलं. वेशीपासूनच घाटाचा उतार. जीप दारात आली, काळीभोर चाकं चमकत होती.

"भावजी, टायरला काय लावलंय?"

"करडीचं तेल. कालच्या खंडेनवमीचं. आरशावानी झाल्यात का न्हाई?"

"जमिनीला टेकतंय तिथंबी?"

"सगळीकडं. देवाचं काम अर्धं करू व्हय?"

"मंग ही घाटात न्यायची न्हाई."

"वैनी, ही जीप हाय, गिरणी न्हाई. आन पुजेचं तेल दसरा सरायच्या आत पुसत न्हाईत."

"गिरणीपुढच्या उतारावर बिरेक दाबून दावा. मंग बसवते पोरीला."

गहिनीनाथनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, जीप थांबली नाही. तिरपी होत गोवऱ्यांच्या ढिगात शिरली. तो उतरला, टोपी सारखी केली.

"खडी हुती."

"व्हय, खडीच. खडीला राख लावू चला."

धुवायला पाणी कुठलं? प्यायचंच लांबून यायचं. तिनं चुलीतली राख आणि गिरणीतला कोंडा घमेल्यात मिसळला, गोणपाट घेतलं आणि चाकापाशी बसली. कोंडा तेल प्यायचा, काळा पडायचा, की झटकून नवा. जीप हातभर पुढं ढकलायची, पुन्हा घासायचं. टायरच्या बाजूवरचं कुंकू मात्र तिनं राखलं.

"देवीला सांगते, तेल मीच पुसलं म्हणून."

ओट्यावरून पुष्पा कण्हली, "आई, बाळ हितंच झाल्यावर निघायचं का?"

ते ऐकून गहिनीनाथनंही दुसरं गोणपाट उचललं.

पुन्हा उतारावर ब्रेक दाबला, जीप जागच्या जागी उभी राहिली. मगच तिनं लेकीला मागं बसवलं, स्वतः शेजारी बसली.

घाटाच्या निम्म्यावर, वळणाला, समोरून एसटी आली. गहिनीनाथनं ब्रेक दाबला. चाकांनी रस्ता धरला. एसटी हातभर अंतरावरून घरघरत निघून गेली. लेकीच्या पाठीमागून घातलेला छबूबाईचा हात ताठ झाला होता, तो हळूहळू सैल पडला.

"वैनी," मागं न वळता तो म्हणाला, "बाळ घेऊन येताना तुमी पुढं बसा."

"आधी तिकडं पोचवा तर."